हप्ता तोच राहिला, पण मुदत किती वाढली? रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरांना खुले पत्र

प्रति,
मा. गव्हर्नर,
भारतीय रिझर्व्ह बँक, मुंबई

विषय : बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जात कर्जदाराला न विचारता वाढणारी मुदत

महोदय,

सप्रेम नमस्कार.

पगार खात्यात आला की सर्वांत आधी गृहकर्जाचा हप्ता जातो. किराणा, शाळेची फी, गॅस, आईवडिलांची औषधे हे सगळे उरलेल्या पैशांत बसवायचे असते. त्यामुळे घरात प्रत्येकाला हप्त्याचा आकडा पाठ असतो. हप्ते किती उरलेत हे मात्र विचारले तर बहुतेकांना सांगता येत नाही. व्याजदर वाढल्यावर बँक हप्त्याला हात लावत नाही, मुदत वाढवते. हप्ता तोच दिसला की घराला वाटते, आपल्याला काही झळ बसली नाही. झळ बसलेली असते, पण ती पंधरा-वीस वर्षांनी कळणार असते.

एक हिशेब मांडतो. मे २०२२ च्या सुरुवातीला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्के होता. सहा वेळा वाढून फेब्रुवारी २०२३ मध्ये तो ६.५० टक्के झाला. समजा, एका कुटुंबाचे कर्ज रेपो अधिक ३ टक्के या दराने आहे, ३० लाख बाकी आहेत आणि २४० हप्ते उरले आहेत. ७ टक्क्यांनी हप्ता येतो २३,२५९ रुपये. दर ९.५० टक्के झाल्यावर ३० लाखांचे एका महिन्याचे नुसते व्याज होते २३,७५० रुपये. म्हणजे पूर्ण हप्ता वेळेवर भरूनही दर महिन्याला व्याजाचेच ४९१ रुपये कमी पडतात. हे कर्ज कधीच फिटणार नाही, उलट वाढत जाईल. (हिशेब सोपा राहावा म्हणून दर एकदम वाढला असे धरले आहे. प्रत्यक्षात तो नऊ महिन्यांत टप्प्याटप्प्याने वाढला, म्हणून आकडे थोडे सौम्य येतात, पण चित्र हेच राहते.)

अशा खात्यात बँक काय करते? आधी मुदत जितकी ताणता येईल तितकी ताणते, म्हणजे ३० वर्षे किंवा कर्जदाराच्या वयाची बँकेने ठरवलेली मर्यादा. तेवढ्याने भागत नसेल, तर हप्ता जेमतेम लागेल तेवढा वाढवते. आपल्या उदाहरणात ३६० महिन्यांसाठी किमान हप्ता २५,२२६ रुपये होतो. कर्जदाराला वाटते, दोनच हजार वाढले, सुटलो. आता याच कर्जाचे चार पर्याय पाहा, ९.५० टक्के दराने :

हप्ता २५,२२६ – ३६० महिने
हप्ता २६,००० – सुमारे ३१० महिने
हप्ता २७,००० – सुमारे २६९ महिने
हप्ता २७,९६४ – २४० महिने

पहिल्या आणि दुसऱ्या ओळीत महिन्याला फक्त ७७४ रुपयांचा फरक आहे. तेवढ्याने ५० हप्ते, म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ कमी होतो आणि एकूण भरणा दहा लाखांनी उतरतो. साठ-पासष्ट हजार रुपये हातात येणाऱ्या कुटुंबाला महिन्याला ४,७०५ रुपये जास्त भरणे कदाचित जड जाईल. पण ७७४ रुपये? बहुतेक घरे ओढाताण करून ते भरतील, कारण निवृत्तीनंतर हप्ता चालू राहण्याची भीती त्यांना जास्त आहे. अडचण एवढीच की हा तक्ता त्यांच्यासमोर कोणी ठेवत नाही.

मुदत शेवटपर्यंत ताणली की किती कमी मुद्दल फिटते तेही पाहा. २५,२२६ रुपयांच्या हप्त्यातले पहिल्या महिन्यात २३,७५० व्याजात जातात आणि मुद्दलात फक्त १,४७६. दर ९.५० टक्केच राहिला तर २४ महिन्यांत कुटुंब ६ लाख ५ हजार रुपये भरते आणि कर्ज कमी होते ते जेमतेम ३९ हजारांनी. फेब्रुवारी २०२३ ते फेब्रुवारी २०२५ या दोन वर्षांत रेपो दर ६.५० टक्क्यांवरच होता. त्या काळात अनेक घरांतून 'एवढे भरतोय, पण बाकी का हलत नाही?' हा प्रश्न का येत होता, त्याचे उत्तर या आकड्यांत आहे.

आपल्या बँकेने १८ ऑगस्ट २०२३ रोजी काढलेले परिपत्रक आम्ही बारकाईने वाचले आहे आणि त्याचे मोल आम्हाला ठाऊक आहे. दर बदलताना कर्जदाराला हप्ता वाढवणे, मुदत वाढवणे किंवा दोन्ही थोडे थोडे करणे असा पर्याय द्यावा. मुदत वाढवल्यामुळे हप्ता व्याजापेक्षा कमी पडू नये. दर तिमाहीला आतापर्यंत वसूल झालेले मुद्दल, व्याज, हप्त्याची रक्कम, उरलेले हप्ते आणि वार्षिक दर दाखवणारे सोपे विवरण द्यावे, हे सारे त्यात आहे. चालू कर्जांनाही ते ३१ डिसेंबर २०२३ पर्यंत लागू करायचे होते. परिपत्रकाचा हेतू चांगला होता. पण अंमलबजावणीत तीन ठिकाणी तो गळतो, आणि आमची मागणी त्या तीन जागांबद्दलच आहे.

पहिली जागा म्हणजे पर्याय देण्याची पद्धत. बँक इंग्रजीत एक एसएमएस पाठवते. दर बदलला आहे, अधिक माहितीसाठी शाखेशी किंवा ॲपशी संपर्क साधा, अशा अर्थाचा. त्यात जुने हप्ते किती उरले होते आणि आता किती झाले, हे नसते. कर्जदाराने ठरावीक दिवसांत उत्तर दिले नाही की मुदत वाढवायला त्याची संमती आहे असे मानले जाते. मौनाला होकार मानायचा असेल, तर तो कमी नुकसानाच्या पर्यायाला मानावा. मुदत वाढवणे हा कर्जदारासाठी सर्वांत महाग पर्याय आहे आणि नेमका तोच आपोआप लागतो. तिमाही विवरण मिळते, पण ॲपमध्ये चार पायऱ्या खाली, आणि त्यात मागच्या तिमाहीचा आकडा शेजारी नसतो. ३११ हप्ते उरलेत हे वाचून काहीच कळत नाही. मागच्या वेळी २२८ होते हे शेजारी असेल तरच माणूस दचकतो आणि शाखेत जातो.

बँकांकडून एक कारण वारंवार ऐकू येते : हप्ता बदलायचा तर नवे मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, घ्यावे लागते, म्हणून आम्ही मुदत बदलतो. हे पूर्ण खरे नाही. बँकांमधल्या नॅच यंत्रणेतून घेतलेले बहुतेक मँडेट कमाल रकमेचे असते आणि त्या मर्यादेत हप्ता वाढवायला नव्या सहीची गरज नसते. कर्ज आणि पगारखाते एकाच बँकेत असेल, तर तेथे नुसती स्थायी सूचना असते, ती बदलणे आणखी सोपे. मर्यादा खरोखरच ओलांडली जात असेल, तर ऑनलाइन मँडेट काही मिनिटांत होते. बँकेची ही गैरसोय कर्जदाराने पाच-सात वर्षांच्या व्याजाने भरून द्यावी, हे न्यायाला धरून नाही.

दुसरी जागा म्हणजे 'हप्ता व्याजापेक्षा कमी नको' ही अट. ती फार ढिली आहे. हप्ता व्याजापेक्षा एका रुपयाने जास्त असला तरी नियम पाळला जातो. आमची सूचना अशी की कर्जदाराच्या लेखी संमतीशिवाय मुदत मूळ वेळापत्रकापेक्षा ३६ महिन्यांहून अधिक वाढू नये. त्यापुढे जायचे असेल तर बँकेने वरच्यासारखा चार ओळींचा तक्ता दाखवून सही घ्यावी. कोणी जाणूनबुजून लांब मुदत निवडली, तर तो त्याचा अधिकार आहे. नोकरी गेलेल्या, आजारपणात अडकलेल्या कुटुंबाला तो पर्याय लागतोच, आणि तो काढून घ्या असे आम्ही म्हणत नाही.

तिसरी जागा, दर उतरतात तेव्हाची. तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष आहे. २०२५ मध्ये फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबरात मिळून रेपो ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. आपले उदाहरणातले कर्ज ८.२५ टक्क्यांवर आले. ३२५ हप्ते उरले आहेत आणि बाकी सुमारे २९ लाख आहे असे धरू. हप्ता २५,२२६ च ठेवला, तर कर्ज २२८ महिन्यांत संपते, म्हणजे ३० वर्षांपर्यंत ताणलेली मुदत बरीचशी जागेवर येते. मुदत ३२५ महिने तशीच ठेवून हप्ता उतरवला, तर तो २२,३४८ होतो. महिन्याला २,८७८ रुपये हातात राहतात, पण ९७ हप्ते जास्त भरावे लागतात आणि एकूण भरणा सुमारे १५ लाखांनी वाढतो. कोणत्या बँकेत आपोआप हप्ता उतरतो आणि कोणत्या बँकेत मुदत, हे बँकेगणिक बदलते. दर वाढताना ताणलेली मुदत दर उतरताना आधी पूर्ववत व्हावी आणि मगच हप्त्याचा विचार व्हावा, असा साधा नियम हवा. हप्ता उतरवायचा असेल तर कर्जदाराने तसे मागावे.

आता स्प्रेडबद्दल, म्हणजे रेपोवर बँक जे टक्के चढवते त्याबद्दल. १ ऑक्टोबर २०१९ पासून नवी बदलत्या दराची गृहकर्जे बाह्य मानदंडाशी, म्हणजे रेपोसारख्या बँकेबाहेर ठरणाऱ्या दराशी, जोडणे व्यापारी बँकांना बंधनकारक झाले. स्प्रेडमधला पतजोखमीचा भाग कर्जदाराच्या पतमूल्यांकनात मोठा बदल झाला तरच बदलता येतो, बाकीचा भाग तीन वर्षांतून एकदा, असे ठरले. त्यामुळे जुन्या कर्जदाराचा स्प्रेड मनमानीने वाढत नाही, हा मोठा फायदा आहे. पण नव्या ग्राहकाला २.२५ टक्क्यांचा स्प्रेड देणारी बँक जुन्याकडून ३ टक्केच घेत राहते. ३० लाखांवर पाऊण टक्का म्हणजे वर्षाला साडेबावीस हजार रुपये. ज्याने पाच वर्षे एकही हप्ता चुकवला नाही, तो नव्या अर्जदारापेक्षा कमी जोखमीचा आहे, तरी जास्त भरतो. शाखेत जाऊन मागणाऱ्याला दर कमी करून मिळतो, कन्व्हर्जन फी (दर बदलून घेण्याचे शुल्क) आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी भरून. जो मागत नाही, त्याला कोणी सांगत नाही.

१ ऑक्टोबर २०२५ पासून ग्राहक टिकवण्यासाठी तीन वर्षांच्या आतही स्प्रेड कमी करण्याची मुभा आपण बँकांना दिली. ही मुभा आहे, कर्तव्य नाही. त्याच वेळी दर बदलताना स्थिर दराकडे वळण्याचा जो पर्याय कर्जदाराला द्यायचा होता, तो देणे बँकेच्या मर्जीवर सोडले गेले. या दुसऱ्या बदलाचा फेरविचार व्हावा अशी आमची कळकळीची विनंती आहे. स्थिर दर महाग असतो हे आम्हालाही माहीत आहे आणि बरेच जण तो घेणार नाहीत. पण निवृत्तीला आठ-दहा वर्षे उरलेल्या कर्जदाराला, ज्याला अर्धा टक्का जास्त देऊनही निश्चिंती हवी आहे, तो दरवाजा उघडा हवा.

सर्वांत जुने कर्जदार तर अजून बेस रेट आणि एमसीएलआर या, बँकांनी स्वतः काढलेल्या मूळ दरांच्या जुन्या पद्धतींत अडकलेले आहेत. २०१० ते २०१६ मधली कर्जे बेस रेटवर, एप्रिल २०१६ ते सप्टेंबर २०१९ मधली एमसीएलआरवर. २०१९ च्याच परिपत्रकानुसार, मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क न लागणाऱ्या अशा कर्जदाराला रेपोशी जोडलेल्या दराकडे विनाशुल्क वळता येते, वाजवी प्रशासकीय व कायदेशीर खर्च तेवढा द्यावा लागतो. आणि वळल्यावर त्याच प्रकारच्या, मुदतीच्या व रकमेच्या नव्या कर्जाला जो दर असेल तोच त्याला लागला पाहिजे. शाखेतल्या खिडकीवर हे वाक्य माहीत असलेले कर्मचारी आम्हाला क्वचितच भेटले आहेत. आता अशी खाती कमी उरली असतील. तितकीच ती शोधून प्रत्येकाला पत्र पाठवणे सोपे आहे.

बाह्य मानदंडाचा हा नियम गृहवित्त कंपन्यांना आणि सहकारी बँकांना नाही. महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका गावोगावी आहेत, आणि ज्यांच्याकडे पगाराची स्लिप नसते असे दुकानदार, रिक्षाचालक, छोटे कारखानदार घरासाठी याच बँकांकडे किंवा गृहवित्त कंपन्यांकडे जातात. कंपन्यांचा दर त्यांनी स्वतः ठरवलेल्या मूळ दरावरून चालतो. रेपो वाढला की तो लगेच वाढतो, उतरताना मात्र सवडीने आणि अर्धवट उतरतो. कोणत्या तारखेला किती उतरायचे याचे बंधन नाही. ज्यांचे उत्पन्न सर्वांत अस्थिर, त्यांनाच सर्वांत अपारदर्शक दर लागतो. बाह्य मानदंड लगेच लावणे शक्य नसेल तर निदान एवढे करावे : प्रत्येक कंपनीने मागच्या पाच वर्षांतला आपला मूळ दर आणि रेपो दर शेजारी शेजारी संकेतस्थळावर ठेवावा.

मुदत वाढण्याचे दोन परिणाम बँकेच्या कागदावर कुठेच दिसत नाहीत. एक विम्याचा. कर्ज घेताना बहुतेकांच्या गळ्यात एकरकमी हप्त्याची कर्जसुरक्षा पॉलिसी पडते, अनेकदा तिचा हप्ताही कर्जातच मिळवलेला असतो. या पॉलिसीचे संरक्षण मूळ वेळापत्रकानुसार दरवर्षी उतरत जाते आणि मूळ मुदतीला संपते. कर्जाची मुदत वाढते, पॉलिसीची वाढत नाही. दहाव्या वर्षी पॉलिसी म्हणते बाकी २० लाख, प्रत्यक्षात असते २७ लाख. कर्ता माणूस गेला तर मधले सात लाख कुटुंबाने भरायचे. हे आकडे नमुन्याचे आहेत, पण तफावत खरी आहे आणि ती दावा करायच्या दिवशीच कळते. मुदत बदलली की 'तुमचे विमासंरक्षण आता पुरेसे नाही' हे कळवणे बँकेला बंधनकारक हवे.

दुसरा परिणाम करांचा. जुन्या कररचनेत स्वतः राहत असलेल्या घराच्या व्याजावर वर्षाला २ लाखांपर्यंतच वजावट मिळते. ३० लाखांवर ९.५० टक्क्यांनी वर्षाचे व्याज २ लाख ८५ हजारांच्या घरात जाते. वरच्या पाऊण लाखाहून अधिक रकमेला सवलत नाही, आणि मुद्दल जवळपास फिटतच नसल्यामुळे मुद्दलाच्या परतफेडीवर मिळणाऱ्या वजावटीत दाखवायलाही फारसे काही उरत नाही. नव्या कररचनेत तर अशा घराच्या व्याजाला वजावटच नाही. 'करात वाचेल' हा हिशेब करून ज्यांनी मोठे कर्ज घेतले, त्यांचा तो हिशेब मुदतीबरोबर कोसळतो.

काही जण म्हणतील, कर्जदाराने दुसऱ्या बँकेत जावे. जाता येते. बदलत्या दराच्या गृहकर्जावर व्यक्तीला मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क लागत नाही. पण नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन, गहाणाचे मुद्रांक शुल्क, नोटीस ऑफ इंटिमेशन (गहाणाची सरकारी नोंद) हे सारे पुन्हा भरावे लागते. पाऊण टक्क्याच्या फरकात ते वसूल व्हायलाही वेळ लागतो. आणि ज्याचे वय पन्नास पार झाले, ज्याचा धंदा गेल्या वर्षी मंदावला किंवा ज्याच्या इमारतीला भोगवटा प्रमाणपत्र नाही, त्याला नवी बँक दारात उभी करत नाही. त्याला आहे तिथेच राहायचे आहे, म्हणून तिथले नियम नीट हवेत.

तक्रार करायची वाट आहे. आधी बँकेकडे लेखी, ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. पण लोकपाल नियमभंग पाहतो, बँकेचा व्यावसायिक निर्णय नाही. स्प्रेड आणि मुदत हे व्यावसायिक निर्णय ठरवले गेले की तक्रार तिथेच थांबते. म्हणूनच आम्ही तक्रार न करता नियमात बदल मागत आहोत.

तोवर हे पत्र वाचणाऱ्या कर्जदारांना एक सांगणे आहे. शाखेकडून तीन गोष्टी लेखी मागा : कर्ज दिले त्या दिवसाचे परतफेडीचे वेळापत्रक, आजचे वेळापत्रक आणि आजचा स्प्रेड. दोन्ही वेळापत्रकांची शेवटची तारीख पाहा. फरक एक वर्षाहून जास्त असेल तर हप्ता वाढवण्याचा अर्ज द्या, पाचशे-हजारांनी वाढवला तरी चालेल. बोनस किंवा भिशीचे पैसे आले की थोडे मुद्दलात भरा आणि अर्जात स्पष्ट लिहा की हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी. ३० लाखांच्या, ९.५० टक्क्यांच्या, २४० हप्त्यांच्या कर्जात सुरुवातीलाच एक लाख भरले तर सुमारे २२ हप्ते कमी होतात. भरल्यानंतर नवे वेळापत्रक हातात घेतल्याशिवाय शाखेतून निघू नका. रक्कम मुद्दलात न जाता पुढच्या हप्त्यांत आगाऊ जमा झाल्याची उदाहरणे कमी नाहीत.

गव्हर्नर महोदय, कर्ज देताना जे मुख्य तथ्यपत्रक द्यायचे असते ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे, असे आपल्याच बँकेने ठरवले आहे. वीस वर्षांच्या कर्जात ते एकदाच येते. दर मात्र कितीदा तरी बदलतो. म्हणून प्रत्येक दरबदलाची सूचनाही त्याच नियमात आणावी. तिचा मसुदा आम्ही तयार केला आहे :

"तुमच्या कर्जाचा दर ९.२५ वरून ९.५० टक्के झाला आहे. काल तुमचे २८२ हप्ते उरले होते. हप्ता तोच ठेवला तर आता सुमारे ३०४ हप्ते होतील, शेवटचा हप्ता तुमच्या वयाच्या ६६ व्या वर्षी. हप्त्यात ५५३ रुपये वाढवले तर २८२ च राहतील. तुमचा कर्जविमा मूळ मुदतीपुरताच आहे. ३० दिवसांत १, २ किंवा ३ पाठवा : १ हप्ता वाढवा, २ मुदत वाढवा, ३ शाखेतून फोन करा. उत्तर आले नाही तर आम्ही फोन करू, तोवर मुदत वाढवणार नाही."

आकडे अर्थात खात्यागणिक बदलतील, आणि बँकेच्या संगणकाला ते काढायला क्षणही लागत नाही. आपली बँक नवे निर्देश काढण्याआधी मसुदा लोकांपुढे ठेवते. या विषयावरचा मसुदा मराठीसह सर्व भारतीय भाषांत निघावा आणि सूचनांना किमान दोन महिने मिळावेत, ही शेवटची विनंती.

आपले,
गृहकर्जाचे हिशेब तपासून देणारे काही निवृत्त बँक कर्मचारी आणि करसल्लागार